ईराच्या कानांबद्दल, सविस्तर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांना माझं अर्धंच ऐकू गेलं आणि मी ओरडून सांगत बसले. तो राग नव्हता, बाबा. "एवढ्याशा पोरीच्या डोक्याला चाकू लावायची घाई कशाला केली, बोलली असती सावकाश," हे आईचं वाक्य मात्र तेव्हापासून मनातून जात नाही. म्हणून ईराच्या कानांच्या इम्प्लांटच्या ऑपरेशनची घाई का केली, ते सगळं नीट लिहिते.

मेंदूज्वरातून ईरा वाचली, आपण देवाला नारळ फोडला. घरी आणून आठवडा झाला असेल. कुकरच्या शिट्टीला दचकून रडणारी पोर त्या दिवशी शिट्टी होत असताना गाढ झोपून राहिली. अशक्तपणा असेल म्हटलं. मग जागी असताना तिच्या पाठीमागे स्टीलचं ताट पाडलं. मान वळली नाही. बेरा तपासणीत, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघतात त्यात, दोन्ही कानांचा काहीच प्रतिसाद आला नाही. एका डॉक्टरांनी सहा महिने थांबून बघू म्हटलं. दुसरीकडे दाखवेपर्यंत आमचे बारा दिवस गेले. ते बारा दिवस मला अजून टोचतात.

आई, आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची पोकळी असते, तिच्यात पाणी असतं. मेंदूभोवतीच्या पाण्यातून जंतू तिथे शिरतात आणि आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. पण जंतू मेल्यावरही गोष्ट संपत नाही. सुजेमुळे त्या पोकळीत आधी तंतू धरतात आणि मग हाड तयार होतं, कधीकधी काही आठवड्यांतच. इम्प्लांट म्हणजे ऐकू यावं म्हणून ऑपरेशननं बसवतात ते यंत्र. त्याची तार सरकवायची ती ह्याच पोकळीत. ती हाडानं भरली की वाट बंद. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळासाठी वर्षाचं होईपर्यंत थांबता येतं. ईराच्या एमआरआयमध्ये उजव्या शंखातलं पाणी काही ठिकाणी दिसेनासं झालं होतं. सीटी स्कॅनमध्ये हाड दिसेपर्यंत थांबलो असतो तर उशीर झाला असता.

साधं श्रवणयंत्र चाललं नसतं. ते आवाज मोठा करतं, पण तो टिपणाऱ्या पेशीच उरल्या नव्हत्या. इम्प्लांट त्या पेशींना वगळून थेट कानाच्या नसेला संदेश देतं. दोन्ही कान एकदमच केले, तेही ह्याच भीतीनं. डावीकडे तार पूर्ण गेली. उजवीकडे तारेवरच्या बावीस इलेक्ट्रोडपैकी, म्हणजे नसेला संदेश देणाऱ्या बारीक टोकांपैकी, सतराच आत बसले. ते पाच माझ्या डोक्यातून जात नाहीत.

तीन आठवड्यांनी यंत्र सुरू केलं तेव्हा ती हसली नाही, घाबरून माझा पदर धरून रडली. आता दर थोड्या दिवसांनी मॅपिंग असतं, म्हणजे कुठल्या इलेक्ट्रोडनं किती जोरानं संदेश द्यायचा ते ठरवतात. थेरपीच्या ताई सांगतात, कपडे घालताना, भात भरवताना तेच तेच शब्द बोला. मी दिवसभर बोलते, रात्री घसा बसतो. परवा दाराची कडी वाजली आणि तिनं खेळणं सोडून दाराकडे पाहिलं. मी तशीच खाली बसले.

एक काम करा. वहिनीला सांगा, बाळाच्या न्यूमोकोकलच्या, म्हणजे मेंदूज्वर करणाऱ्या एका जंतूविरुद्धच्या, लशी चुकवू नकोस: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ईराचा चौदा आठवड्यांचा डोस आपण गावी असताना राहून गेला होता. त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही, कधीच देणार नाही. पण आता इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून तिच्या राहिलेल्या लशी आम्ही पूर्ण करतोय.

दिवाळीला याल तेव्हा तिला ऐकू येतंय का बघायला मागून टाळ्या वाजवू नका. टीव्ही बंद करून जवळ बसून बोला. आई, मला म्हणायचीस ती अंगाई तिला म्हण, सूर लागला नाही तरी चालेल. बाबा, शेताचा तुकडा विकायचा विषय परत काढू नका, आमचं भागतंय. आणि तुमचं कानाचं यंत्र कपाटातल्या डब्यात आहे, ते लावून या. ती बोबडं बोलू लागेल तेव्हा ते तुम्हाला ऐकू यायला हवं.

पुढचं मॅपिंग गुरुवारी आहे. झालं की कळवते.

तुमची,
माई