ऑइलची पातळी वाढते तेव्हा

महोदय,

नाथसागरावर मासेमारी करणाऱ्या आमच्या होडीच्या डिझेल इंजिनातील ऑइल गेल्या महिन्यात न भरताच वाढू लागले. ऑइल कमी झाले नाही म्हणून आम्ही समाधान मानले, हीच चूक झाली. मिस्त्रीने पाणी शिरल्याचे निदान केले. परंतु पाणी मिसळले की ऑइल सहसा दुधाळ होते; आमचे काळेच राहिले होते, फक्त पातळ झाले होते आणि त्याला डिझेलचा वास येत होता, म्हणजे त्यात डिझेल मिसळत होते. टीपकागदावर थेंब टाकला, तर मधल्या काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडे पसरते, हीदेखील डिझेल मिसळल्याची एक खूण असली तरी खात्री प्रयोगशाळेतच होते. डिझेलमुळे ऑइलचा दाटपणा घटतो, बेअरिंगवरचा (फिरत्या भागांच्या आधारावरचा) ऑइलचा थर टिकत नाही आणि इंजिन जाम होते. गळका इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग), फीड पंपाचा (टाकीतले डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) फाटलेला पडदा किंवा इंजिन तासन्‌तास भाराविना चालवणे, यांपैकी कारण न शोधता नुसते ऑइल बदलणे व्यर्थ आहे. आमच्याकडे पडदाच फाटला होता. पैठण परिसरात अशा तपासणीची सोय मत्स्यव्यवसाय विभागाने करावी, ही विनंती.

आपला,
एक मच्छीमार, पैठण