कलशासमोर वही घेऊन बसवलंत, त्याबद्दल

आदरणीय काका,

तुमचं नाव कुठेही छापायचं नाही, असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून ते लिहीत नाही. तुमच्या हाताखालून गेलेले ओळखतीलच.

तुमच्या स्टुडिओत पहिल्यांदा आले तेव्हा माझी सहा वर्षं लग्नांचे फोटो काढण्यात गेली होती. कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या एका कारागिराच्या कॅटलॉगचं काम हाती आलं होतं आणि तीन दिवस झटूनही एक फोटो धड येत नव्हता. कुठे पांढरा डाग, कुठे ट्यूबलाइटची रेघ, आणि कलशाच्या पोटावर कॅमेऱ्यासकट मी उभी. तुम्ही सगळे फोटो पाहिलेत, काही बोलला नाहीत. कलश टेबलावर ठेवलात, माझा कॅमेरा बाजूला केलात आणि वही-पेन पुढे सरकवलंत. “यात काय काय दिसतंय, ते लिहून काढ.”

मी लिहीत गेले. खिडकी, तिचे गज, पंखा, माझा पिवळा कुर्ता, ट्रायपॉडचा पाय, दारातून डोकावणाऱ्या काकू. पान भरलं. तुम्ही विचारलंत, “यातलं गिऱ्हाइकाला काय दाखवायचंय?” काहीच नाही, मी म्हणाले. “मग आधी खोली बदल. चकाकत्या भांड्याचा फोटो म्हणजे त्याच्या समोर जे आहे त्याचा फोटो.”

इतकी वर्षं मी वस्तूवर उजेड टाकत होते. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हे शाळेत पाठ केलं होतं, पण कलशाभोवती ट्रेसिंग पेपरची भिंत उभारताना ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. कागदाला लेन्सपुरतं भोक, मागून एकच फ्लॅश, आणि कडा उठून दिसाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाच्या पट्ट्या. दुसरा फ्लॅश घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. उजेड परतवायला तुम्ही थर्माकोलचा तुकडा दिलात आणि त्यावर काम भागलं.

फोटो स्वच्छ आला, मी खूश झाले. तुम्ही मात्र नाही. “मठार कुठे गेला?” खरंच, हातोडीचे ठोके पुसले गेले होते. त्या एकसारख्या मऊ उजेडात हातानं ठोकलेला कलश साच्यातून काढल्यासारखा गुळगुळीत दिसत होता. मठारकामानं तांब्याला बळकटी येते, ठोक्याठोक्याला पत्रा घट्ट होतो, आणि नेमके तेच कष्ट मी झाकून टाकले होते. मग तुम्ही फ्लॅश कागदाच्या एका कडेला अगदी जवळ आणलात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, म्हणून कागद एका टोकाला लख्ख आणि दुसऱ्या टोकाला काळपट झाला. प्रत्येक ठोक्यानं त्यातली वेगळी छटा उचलली. कलश जिवंत झाला, काका. त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तुम्हाला दिसलं की नाही, ठाऊक नाही.

बाकी पुष्कळ आहे. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं आपणहून रंग जुळवणं, तांब्याचा लाल रंग मारून टाकतो, म्हणून पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, रंग ताडून पाहायला राखाडी पुठ्ठा. सुती हातमोजे. सगळं नीट दिसावं म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून एफ २२ वर गेलं तर बारकावे उलट मऊ पडतात, त्यापेक्षा एफ ११ वर वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम घेऊन जोडायच्या.

पण एक गोष्ट सविस्तर लिहायलाच हवी, कारण ती नवीन मुलांना कुणी सांगत नाही. माझे फोटो एका व्यावसायिकानं ठरलेल्या पॅम्फ्लेटखेरीज मोठ्या होर्डिंगवरही लावले आणि वेगळे पैसे द्यायला नकार दिला. मी रडत तुमच्याकडे आले. तुम्ही १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ माझ्यापुढे उघडलंत. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. मी हादरले. त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्याकडून कोटेशनचा नमुना लिहून घेतलात: फोटो कुठे वापरणार, किती काळ, मालकी कुणाची, आगाऊ रक्कम किती. आजही प्रत्येक काम त्याच कागदानं सुरू होतं. त्या कागदामुळे मी या धंद्यात टिकले.

तुम्ही फी कधी घेतली नाहीत. विषय काढला की काकू चहा आणायच्या आणि बोलणं तिथेच संपायचं. म्हणून हे उघड पत्र.

कॅटलॉग छापून आला तेव्हा त्या कारागिरानं कलशाच्या पानावर बोट ठेवलं आणि ठोक्यांच्या ओळी मोजत खाली गेला. “इथे हातोडी बदलली होती,” म्हणाला. फोटोत ते दिसत होतं.

सध्या स्टीलच्या चमच्यांचं काम आलंय. बाहेरची बाजू जमते, खोलगट भागात अजून सगळी खोली उलटी उतरते. रविवारी चमचे आणि वही घेऊन येऊ का?

तुमची विद्यार्थिनी