बीटा-कॅटेनिनची अँटीबॉडी देणाऱ्या शेजारच्या लॅबमधल्या ताईंना

आदरणीय ताई,

नाव कुठे लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण तुम्ही केलंत ते शोधनिबंधाच्या लेखकांच्या यादीत कधी दिसत नाही.

बीटा-कॅटेनिनवाचून माझ्या पीएचडीचं पान हलत नाही. पेशीच्या कडेला हे प्रथिन ई-कॅडहेरिनला धरून असतं आणि शेजारशेजारच्या पेशींची वीण घट्ट ठेवतं. मोकळं उरलेलं बीटा-कॅटेनिन पेशी एरवी सतत मोडीत काढते. बाहेरून विंट या संदेशवाहक प्रथिनाचा संदेश आला की हे मोडणं थांबतं, प्रथिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि पेशीविभाजनाची जनुकं चालू करतं. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत हे मोडणं घडवून आणायला लागणारं एपीसी जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे संदेश नसतानाही ते साठतच जातं. म्हणून प्रथिन आहे की नाही एवढं कळून भागत नाही. ते पेशीत कुठे आहे आणि कोणत्या रूपात आहे, हेही अँटीबॉडीने, म्हणजे नेमक्या त्या प्रथिनाला ओळखून चिकटणाऱ्या रेणूने, सांगावं लागतं.

आमच्या अँटीबॉडीच्या नव्या बाटलीने ते सांगितलं नाही. ब्लॉटवर, म्हणजे वजनानुसार वेगळ्या केलेल्या प्रथिनांच्या ठशावर, बीटा-कॅटेनिनच्या ९२ किलोडाल्टन वजनाला पुसट बँड (पट्टा) आणि खाली पन्नाशीजवळ, जिथे ते नसायला हवं, ठसठशीत बँड. पुरवठादाराचं उत्तर एवढंच, की प्रोटोकॉल सुधारून पाहा. दुसरी मागवायची तर परदेशातून येईपर्यंत आठवडेच्या आठवडे जाणार, आणि ग्रँट संपत आलेली.

तुम्ही तुमच्या उणे वीसच्या फ्रीजरमधून एक छोटी ट्यूब काढून दिलीत. झाकणावर बारीक अक्षरात क्लोन (अँटीबॉडीचा वाण), लॉट नंबर, तारीख. वर म्हणालात, ‘आधी हिचीही परीक्षा घे.’ आणि त्यासाठी हेप-जी२ पेशींचं लायसेटही (पेशी फोडून काढलेला द्रव) हातात ठेवलंत.

ही परीक्षा मला कुठल्याही पुस्तकात इतक्या नेमकेपणाने भेटली नव्हती. यकृताच्या कर्करोगातून आलेल्या या पेशींत बीटा-कॅटेनिन दोन लांबींचं असतं: एक पूर्ण, ७८१ अमिनो आम्लांचं, दुसरं आखूड, ज्यात २५ ते १४० हा तुकडाच नाही. प्रथिनाच्या शेपटाकडचा भाग ओळखणाऱ्या अँटीबॉडीला दोन बँड दिसायलाच हवेत. सेरीन ३७ आणि थ्रिओनीन ४१ (३७व्या व ४१व्या जागेवरची अमिनो आम्लं) यांवर फॉस्फेट नसलेलं, सक्रिय रूप ओळखणारीला आखूड प्रथिन दिसताच कामा नये, कारण तिला बसायची जागाच तिथे नाही. इमेजरच्या पडद्यावर तुमच्या अँटीबॉडीचे दोन बँड स्वच्छ उमटले तेव्हा मी तिथेच टाळी वाजवली. आमच्या बाटलीने त्याच लायसेटवर पुन्हा पन्नाशीजवळचा बँडच दाखवला. एसआयआरएनएने (जनुकाला गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) बीटा-कॅटेनिनचं जनुक दाबल्यावरही तो तसाच राहिला. तुमचे दोन्ही फिके झाले. निकाल लागला.

फॉस्फेटवाल्या रूपाच्या अँटीबॉडीसाठी ब्लॉकिंगला (ठशाच्या मोकळ्या जागा आधी झाकायला) दूध पावडर न घेता बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, घ्यायचं, कारण दुधातल्या केसीनवरच फॉस्फेट असतं, हेही तुम्हीच सांगितलंत. वापरलेलं प्रायमरी सोल्यूशन (पहिल्या अँटीबॉडीचं द्रावण) किती वेळा पुन्हा वापरलं याची वही ठेवायची सवयही तुमचीच. आमच्या लॅबमध्ये आता सगळे ती वही भरतात.

पुढे स्लाइडवर तीच अँटीबॉडी लावली. निरोगी आतड्याच्या पेशींच्या कडा तेवढ्या रंगल्या, मधाच्या पोळ्यासारख्या. शेजारच्या गाठीत केंद्रकं गडद तपकिरी. हा फरक पाहून मार्गदर्शकांनी पुढच्या प्रकरणाला होकार दिला. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, की हे ताईंच्या ट्यूबवर उभं आहे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तरी तुमचं नाव घालू द्या, एवढी विनंती.

त्याच क्लोनची आमची बाटली पुढच्या महिन्यात येते आहे. आल्या आल्या हेप-जी२ वर तपासेन आणि त्यातली पहिली ट्यूब तुमच्या फ्रीजरमध्ये आणून ठेवेन. नको म्हणू नका.

तुमची,
पलीकडच्या लॅबमधली विद्यार्थिनी