दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या बौद्धिक दिव्यांग मुलामाणसांच्या पालकांची ही समिती. आमच्या मुलांना खाऊ आणि कपडे देणारे हात पुष्कळ आहेत, त्यांचे आभारच. यंदा मात्र मागणी वेगळी आहे. सिस्टर, वॉर्डबॉय, आया, केसपेपरच्या खिडकीवरची मंडळी आणि आशाताई यांच्या प्रशिक्षणासाठी मदत हवी आहे.

बोलता न येणारा मुलगा अचानक डोकं आपटायला लागतो, जेवण टाकतो. दवाखान्यात नेलं की ऐकावं लागतं, "अशी मुलं असंच करतात." दाढ किडलेली असू शकते, कानात पू झालेला असू शकतो, कित्येक दिवस पोट साफ झालेलं नसतं. पण दुखणं दिव्यांगपणाच्या खात्यावर मांडलं की तपासायचंच राहून जातं. डाऊन सिंड्रोममध्ये (गुणसूत्रांतल्या फरकामुळे जन्मतःच येणारं दिव्यांगत्व) थायरॉईडचा त्रास आणि जन्मजात हृदयदोष जास्त आढळतात. अशी मुलगी सुस्त पडली तर "तिचा स्वभावच तसा" म्हणून चालत नाही, रक्त तपासायला हवं. फिट्सचं प्रमाणही या मुलांत बरंच जास्त. रांगेत ताटकळत गोळीची वेळ टळली, तर फिट यायला तेवढंही पुरू शकतं.

त्यात आपला सीमाभाग. घरात मराठी, वॉर्डात बहुतेक कन्नड. तुम्हीआम्ही मोडकंतोडकं बोलून निभावतो. ज्याच्याजवळ मोजकेच शब्द आहेत आणि तेही आईकडून आलेले, त्यानं काय करावं? म्हणून दोन्ही भाषांतली चित्रकार्डं करायची आहेत: कुठे दुखतं, सुई टोचणार, पाणी हवं, आई बाहेरच आहे. यात भाषेचं राजकारण कुणी शोधू नये. कन्नड घरांतले पालकही आमच्यासोबत आहेत.

शिकवायच्या गोष्टी साध्याच. बीपीचा पट्टा आधी आईच्या दंडाला बांधून दाखवायचा. प्रश्न पेशंटलाच विचारायचा आणि उत्तराची वाट पाहायची. चौघांनी मिळून दाबून धरायचं नाही. आईला विचारायचं, "नेहमीपेक्षा वेगळं काय दिसतंय?" शिकवायला डॉक्टरांबरोबर पालक असतील, आणि आमची मोठी झालेली मुलंही.

ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 25 मध्ये तपासणी आणि उपचारात प्राधान्य सांगितलं आहे. कलम 47 नुसार डॉक्टर-नर्सच्या शिक्षणात हा विषय असायला हवा. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा ऑटिझम आणि सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेला 18 वर्षांचा मुलगा, त्यानं आणि आईवडिलांनी नको सांगितलेलं औषध दवाखान्यात दिल्यावर 2016 मध्ये दगावला. त्याच्या आईनं पाठपुरावा केला, आणि 2022 च्या कायद्यानं तिथे असं प्रशिक्षण सक्तीचं झालं. आपल्याकडे कायदा आहे, दवाखान्यात शिकवणी मात्र दिसत नाही.

दवाखाना चालवणाऱ्यांनी ओपीडी संपल्यावरची एक दुपार कर्मचाऱ्यांना मोकळी द्यावी. बालरोग, मानसोपचार आणि दातांच्या डॉक्टरांनी तासभर यावं. छापखानेवाल्यांनी कार्डं कागदाच्या भावात छापावीत. चित्र काढणारे आणि चांगलं कन्नड लिहिणारे हवेतच. कुणाकडे हॉल असेल, कुणी चहाचं बघेल. पैशाच्या रूपात 101 रुपयेही चालतील, 5001 आले तर जास्त कार्डं निघतील. वर्गणी आपल्या गावच्या सभासदाकडे द्यावी, आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.

आपली,
पालक समिती, बेळगाव सीमाभाग