मण्यांकडे पाहायला शिकवणाऱ्या ताईंना अनावृत पत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

माझ्या मण्यांच्या दागिन्यांचा पहिला संग्रह पूर्ण झाला आहे. त्यात आपले नाव कोठेही नसले, तरी प्रत्येक दागिन्यामागे आपण लावलेली शिस्त आहे, म्हणून हे आभार चारचौघांत मानत आहे.

प्रेरणा घ्यायची ती आकारातून नव्हे, तर रचनेतून, असा आपला आग्रह असे. मोर पाहून मोराचे लोलक करणे सोपे आहे. पण मोरपिसाचा निळा-हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नसतो, पिसात असते ते मेलॅनिन नावाचे काळसर द्रव्य, आणि त्याच्या अतिसूक्ष्म मांडणीमुळे परावर्तित होणारा प्रकाश आपल्याला निळा-हिरवा दिसतो, हे आपण समजावून दिलेत. त्यानंतर मी गडद निळे अपारदर्शक मणी बाजूला ठेवले आणि इंद्रधनुषी झिलईचे पारदर्शक मणी काळ्या दोऱ्यात ओवले. आता मान किंचित वळली तरी हाराचा रंग पालटतो.

इतिहासाकडेही आपण तसेच पाहायला लावलेत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात इराकमधील ऊर या प्राचीन नगराच्या जागी उत्खनन केले. तेथे सापडलेल्या राणी पुआबीच्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या अलंकारांत प्रामुख्याने सोने, निळा लाजवर्द आणि कार्नेलियन हा तांबूस दगड आहे. सोन्याचा झगमगाट आधी डोळ्यांत भरतो, हे खरे. परंतु मोजक्याच रंगांची आलटून-पालटून केलेली योजना हे त्या अलंकारांचे खरे बळ आहे, असे माझे मत झाले आहे. माझ्या संग्रहातील कंठहारात म्हणूनच तीनच रंग आहेत. चौथ्या रंगाचा मोह आवरणे, खरे सांगायचे तर, सुईत दोरा ओवण्याहून कठीण गेले.

फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा यांची ठिपक्यांची चित्रे दाखवून आपण दिलेला धडा तर रोजच उपयोगी पडतो. जेमतेम दोन मिलिमीटरचे लाल आणि हिरवे मणी एकाआड एक ओवले, तर थोड्या अंतरावरून ते मळकट तपकिरी दिसतात. तेच रंग गटागटाने मांडले, तर एकमेकांना उठाव देतात. नमुना भिंतीवर टांगून, चार पावले मागे जाऊन पाहिल्याशिवाय मी आता दोरा तोडत नाही.

काचमण्याच्या छिद्राची धारदार कड दोरा कापते, म्हणून प्रत्येक मणी आतून तपासण्याची सवयही आपलीच. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

तीन रंगांचा तो कंठहार आपल्यासाठी राखून ठेवला आहे. आपण तो हाती घेताच उलटा करून आधी मागच्या गाठी पाहाल, याची मला पूर्ण कल्पना आहे. त्या तयारीनेच पाठवत आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी