पाहिलेले लिहून ठेवणारी माणसे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हल्ली मी काय वाचते आहे आणि तुम्ही मित्रमंडळींनी एकत्र वाचण्यासाठी कोणती पुस्तके निवडावीत, असे तू विचारले आहेस. फोनवर चार नावे सांगता आली असती. परंतु नुसत्या नावांनी वाचकाचे काम भागत नाही. पुस्तक कशासाठी वाचायचे आणि वाचताना कुठे रेंगाळायचे हे कोणी आस्थेने सांगितले, म्हणजे ते खरोखर हाती घेतले जाते. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अलीकडे माझे वाचन एकाच दिशेने गेले. लेखक म्हणून नाव मिळवावे असा ज्यांचा हेतू नव्हता, पण ज्यांनी आपण पाहिलेले आणि भोगलेले लिहून ठेवले, अशा माणसांची पुस्तके मी मुद्दाम शोधून वाचली. मराठीत हे धन फार मोठे आहे आणि तुझ्या वयाच्या वाचकांपर्यंत ते पुरेसे पोहोचत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पहिले पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. कोकणातील वरसई गावचा हा तिशीचा भिक्षुक ब्राह्मण घरचे कर्ज फेडण्यासाठी १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला, कारण ग्वाल्हेरच्या शिंदे राजघराण्यातील बायजाबाई मोठा यज्ञ करणार असून तेथे भरपूर दक्षिणा मिळेल अशी वार्ता आली होती. वाटेतच बंडाचा वणवा पेटला आणि दक्षिणेसाठी निघालेला हा मनुष्य १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये वेढा पडलेल्या झाशीत अडकला. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, इतिहासाचे अभ्यासक चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, त्याने ही हकिकत लिहिली आणि ती १९०७ साली छापली गेली. इतिहासाच्या पुस्तकांत झाशी पडली हे एका वाक्यात येते. येथे मात्र शहर लुटले जात असताना प्रथम काय गेले, मग काय गेले, लोक कोठे लपले, पाण्यावाचून आणि अन्नावाचून कसे राहिले, हे सगळे त्या गल्लीत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकू येते. राजवाड्यातील पोथ्यांच्या संग्रहाची नासधूस तो सांगतो तेव्हा त्याच्यातील वेदपाठी ब्राह्मणाला झालेले दुःख लपत नाही. स्वतःच्या जिवाची भीती जितक्या सरळपणे तो सांगतो, तितक्याच सरळपणे हेही सांगतो, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. मिळवलेले द्रव्य वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेले, तरी आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड खांद्यावरून घरापर्यंत आणण्याचा त्याचा निश्चय ढळला नाही.

हे पुस्तक वाचताना एक पथ्य मात्र पाळा. गोडसे यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते आणि जे लोकांकडून ऐकले ते, दोन्ही एकाच ओघात लिहिले आहे. झाशीच्या वेढ्यातील वर्णन वेगळ्या तोलाचे आहे आणि इतर ठिकाणच्या बंडाच्या हकिकती वेगळ्या तोलाच्या आहेत. हातात पेन्सिल ठेवून समासात ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ अशा खुणा करीत गेलात, तर इतिहासाचे साधन कसे वाचायचे असते याचा अभ्यास आपोआप होईल. शिवाय वैद्यांनी १९०७ च्या आवृत्तीत मूळ लेखनावर बराच हात फिरवला होता. पुढे इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून संपादन केले, त्या परंपरेतील आवृत्ती मिळवा. भाषा प्रारंभी अवघड वाटेल, पण पहिली वीसेक पाने गेली की तिची लय कानात बसते.

यानंतर लगेच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. मध्ये दुसरे काही वाचू नका. त्याचे कारण असे की लक्ष्मीबाईंच्या आजोबांना सत्तावनच्या त्याच धामधुमीत फाशी झाली, त्या घटनेचा धक्का त्यांच्या वडिलांनी घेतला, आणि त्यांचे सोवळे इतके विकोपाला गेले की सगळे घर त्याखाली भरडले गेले. गोडसे जेथे थांबतात तेथून दूर, एका घराच्या आत, त्या उलथापालथीचे पडसाद दुसऱ्या पिढीवर कसे उमटले, ते लक्ष्मीबाई सांगतात. एका पुस्तकातील रस्त्यावरचा कल्लोळ दुसऱ्या पुस्तकात स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. दोन पुस्तके लागोपाठ वाचण्याचे सुख यालाच मी म्हणते.

या पुस्तकाविषयी किती लिहू असे मला होते. १८६८ साली जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या, लहानपणी लग्न होऊन कवी नारायण वामन टिळकांच्या घरी आलेल्या या स्त्रीचे आयुष्य पतीच्या लहरींनी, दारिद्र्याने आणि अपत्यमृत्यूंनी वेढलेले होते. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली आणि पुढची काही वर्षे ती त्यांच्यापासून दूर राहिली. येथे एखाद्या सामान्य लेखकाने पतीला दोषी ठरवले असते किंवा स्वतःला देवी ठरवले असते. लक्ष्मीबाई यांपैकी काहीही करीत नाहीत. त्या रागावतात, रडतात, हसतात, आणि माणूस मनुष्यामनुष्यांत भेद करतो तो देवाने केलेला नाही, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर १९०० साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतात. मनातील हे परिवर्तन त्यांनी ज्या पानांत सांगितले आहे, ती तुम्ही सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचा. मत कसे बदलते, त्याला किती काळ लागतो आणि किती वेदना होतात, हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारी पाने मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहेत. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी त्या गेल्या.

तुझ्या मित्रांपैकी कोणी म्हणेल की हे सगळे जुने झाले. त्याला गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ दे. हे १९७० साली प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९४५ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, त्या लढ्यात गोदावरीबाई स्वतः अग्रभागी होत्या. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनीही सावकाराकडे जन्मभर राबायचे, या ‘लग्नगडी’ पद्धतीचे वर्णन वाचताना मला पुस्तक मिटून काही वेळ बसून राहावे लागले. येथेही एक गोष्ट ध्यानात असू दे: ही नेत्याने लिहिलेली, एका पक्षाच्या बाजूने उभी असलेली कहाणी आहे. ती तशी आहे हे लेखिका कोठेही लपवीत नाही, आणि माझ्या मते तेच तिचे बळ आहे. निःपक्षपातीपणाच्या नावाखाली गुळमुळीत लिहिण्यापेक्षा, मी कोठे उभी आहे हे सांगून पाहिलेले मांडणे अधिक सचोटीचे आहे.

कादंबरी हवीच असेल तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचा. ती १९३९ मधील, अगदी छोटी, युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या जहाजावर घडणारी. नाझींच्या छळामुळे देश सोडलेले ज्यू त्या जहाजावर आहेत. कथानक मी सांगणार नाही. ती एका बैठकीत वाचून होईल, परंतु तिच्यावरची चर्चा तुम्हाला एका बैठकीत संपवता येणार नाही.

अलीकडे गाजलेली एक-दोन चरित्रेही मी आणली होती. ती निम्म्यावर सोडली, कारण त्यांत नायकाला एकही शंका पडत नव्हती. न रुचलेले पुस्तक कर्तव्य म्हणून शेवटपर्यंत वाचण्याची सक्ती तुमच्या मंडळीत कोणावरही करू नका. मात्र ते का सोडले, हे प्रत्येकाने सांगितले पाहिजे.

प्रारंभ ‘स्मृतिचित्रे’नेच व्हावा असे कोणी सुचवील, कारण ती वाचायला सोपी आहेत. तरीही आधी गोडसे घ्या, असा माझा आग्रह आहे. झाशीचा भाग वाचून झाला की तुमच्या खुणा केलेली प्रत मला पाठव. ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ यांविषयी तुझे आणि माझे कोठे जमते आणि कोठे जमत नाही, ते मला माझ्या प्रतीशी ताडून पाहायचे आहे.

तुझी,
आई