झग्याच्या घेरातलं वजन

प्रिय बाळा,

सलाम.

काल आपल्या बाप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्मा झाला. दोघांचा. एक सोळा वर्षांचा मुलगा, आणि दुसरे साठी उलटलेले काका, ज्यांची बायको इतकी वर्षं उपासनेला एकटीच येऊन एकटीच जायची. संध्याकाळी झगे पिळून दोरीवर घातले आणि तुला लिहायला बसले. परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी ‘आवाज तुटतोय’ म्हणून फोन ठेवला. आवाज अजिबात तुटत नव्हता.

तुझे प्रश्न दोन होते. पहिला, ‘मम्मी, सगळ्यांच्या आया मागे लागतात, तू मला बाप्तिस्म्याचं कधीच का विचारत नाहीस?’ दुसरा तू प्रश्न म्हणून विचारला नाहीस, पण तो प्रश्नच होता. तिथल्या मंडळीने लहान मुलांच्या वर्गात मदतीला येतेस का विचारलं आणि तू नाही म्हणालीस, कारण ‘माझंच मला नीट कळत नाही, मी मुलांना काय शिकवणार?’

आधी झग्याचं सांगते. बाप्तिस्म्याचा तो पांढरा झगा घालून टाकीच्या पाण्यात उतरलं की आत हवा भरते आणि घेर फुग्यासारखा वर येतो. मग माणसाचं लक्ष प्रार्थनेवर राहत नाही, झगा खाली दाबण्यावर जातं. म्हणून घेराच्या दुमडीत आतून शिशाचे लहान तुकडे शिवतात. बाहेरून ते दिसत नाहीत. गेली अकरा वर्षं ते शिवायचं काम माझ्याकडे आहे आणि मंडळीतल्या निम्म्या लोकांना ते असतात हेही माहीत नसेल. पाळक एक हात पाठीशी धरतात, दुसरा छातीवर जोडलेल्या हातांवर, आणि हळूच सांगतात, ‘गुडघे वाक, अंग सैल सोड.’ ताठ राहणारा माणूस हमखास घसरतो. काल काका ताठ राहिले. पाळक जवळजवळ त्यांच्याबरोबर आत गेले आणि त्या मुलाला हसू आवरेना.

माझा बाप्तिस्मा तेराव्या वर्षी झाला. हे तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते असं, की माझ्या तीन मैत्रिणी घेत होत्या म्हणून मी घेतला. तयारीच्या वर्गातली उत्तरं मला सगळ्यांत चांगली पाठ होती. ‘येशू ख्रिस्तावर तुझा विश्वास आहे काय?’ ‘होय, आहे.’ पाण्यातून वर येताना काहीतरी घडेल असं वाटलं होतं. कानात पाणी गेलं, एवढंच घडलं. पहिल्या बाकावर तुझे आजोबा रुमालाने डोळे पुसत होते आणि ते पाहून मला फार अपराधी वाटलं. पुढे कितीतरी वर्षं प्रभुभोजनाची ताटली समोर आली की तीच गोष्ट आठवायची.

विश्वास नंतर आला, आणि तोही कडेकडेने. आजोबांची नजर गेल्यावर रात्री त्यांना बायबलमधली स्तोत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. तेरावं स्तोत्र ते परत परत वाचायला लावायचे, ज्यात दावीद चार वेळा ‘कोठवर’ विचारतो. एका रात्री वाचता वाचता लक्षात आलं की ते केव्हाच झोपलेत आणि मी थांबले नाहीये. त्यांच्यासाठी वाचत नव्हते. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. बाप्तिस्मा होऊन तेरा वर्षं झाली होती.

आता कळलं ना, मी का विचारत नाही? तू तीन महिन्यांची असताना पाळकांनी तुला हातावर घेऊन समर्पणाची प्रार्थना केली. त्या दिवशी वचन दिलं ते मी आणि पप्पांनी. तू जांभई दिलीस. आपल्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, कारण दुसऱ्याच्या वतीने विश्वास ठेवता येत नाही. राजाला येत नाही, पाळकाला येत नाही आणि आईलाही नाही. एवढ्या एका गोष्टीपायी आपल्या पूर्वजांनी फार सोसलंय. 1609 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये इंग्लंडहून पळून आलेल्या मूठभर लोकांनी, जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस यांनी, स्वतःच्या कबुलीवर नव्याने बाप्तिस्मा घेतला. हेल्विस मग परत लंडनला गेला आणि 1612 मधल्या त्याच्या पुस्तकात राजाला उद्देशून स्वच्छ लिहिलं, की राजा हा मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही. स्वतःसाठीच नव्हे, ज्यू, मुसलमान, ज्यांना तो चुकीचं समजत होता त्यांच्यासाठीही त्याने तीच मोकळीक मागितली. राजाने त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं आणि तो तिथून जिवंत बाहेर आला नाही. जिथे राजाने हात घालू नये म्हणून एक माणूस तुरुंगात मेला, तिथे मी रोज रात्री नऊ वाजता फोन करून हात घालायचा का? बाकीच्या आया घालतात, त्यांचं त्या बघतील. (त्यातल्या दोघींना मी हे बोलून दाखवलं. एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही.)

पण न विचारणं आणि पाठ फिरवणं यात फरक आहे, आणि तो मी नेहमी सांभाळला असं नाही. तू बारा वर्षांची होतीस, उपासनेत शास्त्रपाठ वाचायला उभी राहिलीस. हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक. ते नाव तू ‘हबकूक’ असं वाचलंस, मागून मुलं हसली आणि मी बाकावरून मोठ्याने सुधारलं. मला वाटलं, मदत करतेय. तुझा कान लाल झालेला अजून दिसतो मला. पुढचा पाठ तू पुटपुटत संपवलास. बाहेर आल्यावर तिसऱ्या बाकावरच्या आजी काठी टेकत तुझ्याकडे आल्या. नावाचं एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मला कमी ऐकू येतं गं, पण तुझं ऐकू आलं. पुढच्या रविवारी पण तूच वाच.’ आणि खरंच पाळकांकडे जाऊन तुझं नाव लिहून आल्या. दोघी त्याच मुलीला मदत करत होतो, मी आणि त्या. माझ्या मदतीने तू बसली असतीस.

उत्तेजन म्हणजे नुसतं ‘छान, छान’ नव्हे, हे मी त्या आजींकडून शिकले. बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांत, बर्णबाच्या नावाचा अर्थ ‘बोधपुत्र’ दिलाय, म्हणजे धीर देणारा. त्याने धीर दिला कसा? बर्णबा आणि प्रेषित पौल यांच्याबरोबर सुवार्तेच्या फेरीवर निघालेला मार्क पंफुल्या प्रांतातून काम टाकून परत गेला होता. पौल म्हणाला, असल्या पोराला पुन्हा बरोबर घ्यायचं नाही. बर्णबाने भाषण केलं नाही, मार्काला गलबतात बसवून कुप्र बेटावर नेलं. त्यापायी पौलाशी इतका खटका उडाला की दोघांचे रस्ते वेगळे झाले. आणि म्हातारपणी तुरुंगातून तोच पौल लिहितो, येताना मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे.

इंग्लंडहून भारतात आलेल्या मिशनरी विल्यम केरीचं तुला संडे स्कूलमध्ये सांगितलंय, पण तिथे तो एकदम थोर म्हणूनच भेटतो. तो चांभारकाम करणारा होता, आणि तिकडच्या ओल्नी गावच्या मंडळीने त्याचं पहिलं प्रवचन ऐकून प्रवचनकार म्हणून मान्यता पुढे ढकलली होती, हे कोणी सांगत नाही. ‘तरुण माणसा, खाली बस’ असं एका ज्येष्ठ पाळकाने त्याला दटावलं, ही गोष्ट मात्र सगळे सांगतात, आणि गंमत म्हणजे त्याच पाळकाच्या मुलाने ती नाकारलीय. घडली असो वा नसो, ती इतकी टिकली कारण प्रत्येक मंडळीत कोणीतरी कोणालातरी खाली बसवलेलं असतं. पुढे याच माणसाने बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून पंडित वैजनाथांच्या मदतीने आपल्या मराठीचं व्याकरण 1805 मध्ये, कोश 1810 मध्ये आणि नवा करार 1811 मध्ये छापला. स्वतःबद्दल तो एवढंच म्हणायचा, की मला चिकाटीने रेटत राहता येतं.

पण मला त्या गोष्टीत केरीपेक्षा दुसराच एक मुलगा आवडतो. 2 ऑक्टोबर 1792 ला इंग्लंडमधल्या केटरिंगमध्ये एका विधवा बाईच्या घरी चौदा माणसं जमली आणि केरीला भारतात पाठवणारी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी सुरू झाली. देणगीच्या वचनांची एकूण रक्कम 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. त्यात बहुतेक पाळक, आणि कोपऱ्यात एक बावीस वर्षांचा विद्यार्थी, विल्यम स्टॉटन. त्याने अर्धी गिनी देण्याचं कबूल केलं. आपण कोण, आपलं अजून शिक्षण व्हायचंय, असं म्हणून तो बाहेर थांबला नाही. पुढे अमेरिकेत एका महाविद्यालयाचा पहिला अध्यक्ष झाला, तरी ती अर्धी गिनी त्याला आयुष्यभर अभिमानाची वाटत राहिली म्हणतात.

तर आता तुझ्या वर्गाचं. तुला वाटतं की आधी सगळं पक्कं कळावं आणि मग काम घ्यावं. माझा अनुभव उलटा आहे. आजोबांना वाचून दाखवायचं काम मी ‘विश्वासाने’ घेतलं नव्हतं, माझ्याकडे आलं म्हणून घेतलं. हेलन मॉन्टगोमेरी नावाची बाप्टिस्ट बाई होती अमेरिकेत, चाळीसहून जास्त वर्षं तिने रविवारचा एक वर्ग चालवला. 1921 मध्ये ती तिकडच्या नॉर्दर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनची अध्यक्ष झाली, पहिलीच स्त्री, आणि 1924 मध्ये तिने मूळ ग्रीकवरून केलेलं नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर आलं. मोठी पदं आली आणि गेली, वर्ग मात्र चालूच होता. मला वीस वर्षांची असताना वर्ग घ्यायचा होता, तेव्हा फुलदाण्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं गेलं. फुलं मला आवडतात, पण तो मुद्दा नाही. तुला विचारलं गेलंय. हे मला कमी वाटत नाही.

मात्र खोटं बोलून जाऊ नकोस. तिथल्या पाळकांना सरळ सांग की माझा बाप्तिस्मा झालेला नाही, माझ्या मनात प्रश्न आहेत, मदतनीस म्हणून चालेल का? प्रत्येक बाप्टिस्ट मंडळी आपले नियम आपण ठरवते, वरून कोणी बिशप हुकूम पाठवत नाही, त्यामुळे ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. वर्गात शिकवू दिलं नाही तर ध्वनिक्षेपकाच्या टेबलापाशी माणूस हवा का विचार, शास्त्रपाठाच्या यादीत नाव घाल, अंथरुणाला खिळलेल्यांच्या भेटीला जाणारे असतात त्यांच्याबरोबर जा. फक्त खुर्च्या उचलायला बोलावत असतील तर दोन रविवार उचल आणि तिसऱ्या रविवारी विचार, अजून काय करू? आपल्याकडे तरुण संघ म्हणजे खुर्च्या आणि नाताळचं नाटक, एवढंच होऊन बसलंय, आणि त्यात आमच्या पिढीची चूक आहे.

आणि मुलांनी काही विचारलं आणि तुला आलं नाही, तर ‘मला माहीत नाही, पुढच्या रविवारी सांगते’ म्हण. तुझ्या संडे स्कूलच्या बाई असं म्हणायच्या म्हणूनच त्या तुला आवडायच्या, तूच सांगितलं होतंस.

मागच्या महिन्यात बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांच्या सभेत एक गंमत झाली. छताची दुरुस्ती आधी की तरुणांच्या शिबिराला पैसे आधी, यावर वाद. मंडळीचा कारभार पाहणारे मोठे डीकन बोलले, खजिनदार बोलले. मग मागच्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेली एक मुलगी उठली, आवाज थरथरत होता, म्हणाली, ‘छत गळतंय ते आमच्या खोलीत गळतंय, आम्ही बादली ठेवतो, आम्हाला शिबिर पाहिजे.’ हात वर झाले, मोजले. तिचा एक आणि डीकनांचा एक, दोन्ही सारखेच मोजले. चार मतांनी शिबिर. मला त्या क्षणी तुझी फार आठवण आली. त्या मोजणीत तुझा हात नाही म्हणून वाईट वाटलं, हे लपवत नाही. पण तो हात तुझा तू वर करायचा आहे. मी तुझं कोपर धरून वर करणार नाही.

तुझं ‘होय’ आलं तर मला फोन कर, नाही आलं तरी कर. तुझ्यासाठी मी काय प्रार्थना करते ते विचारू नकोस, पण करते, रोज.

झगे वाळलेत. काकांच्या झग्याचं एका बाजूचं वजन निखळून टाकीच्या तळाशी गेलंय, उद्या पाणी सोडल्यावर शोधून परत शिवायला हवं.

तुझी,
मम्मी